यंदा पाहुणे नाहीत, मग शनिवारी विसावा कोणाला?

वाचकाचे पत्र

माझे माहेर वैजापूर तालुक्यातले, कॅथॉलिक. सासर जालन्याचे, प्रोटेस्टंट. लग्नाला पंधरा वर्षे झाली. मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे आणि यजमान बियाणे कंपनीत आहेत. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. सासूबाई आमच्याकडेच असतात. थोरल्याचे घर म्हणून दर ईस्टरला पुण्याचे आणि छत्रपती संभाजीनगरचे दीर सहकुटुंब आमच्याकडे येतात आणि गुरुवारच्या रात्रीपासून सोमवारच्या सकाळपर्यंत चौदा माणसांचे रांधणे चालते. यंदा एकीकडे मुलाची परीक्षा आणि दुसरीकडे आजारपण, म्हणून कोणीच येणार नाही. हे कळल्यावर मला मनातून बरे वाटले आणि आता त्या बरे वाटण्याचीच बोच लागली आहे. सासूबाई गप्प असतात; ‘हा सण आहे की सुतक?’ असे एकदा म्हणाल्या. यजमान म्हणतात, रविवारी बाहेरून बिर्याणी मागवू आणि पडून राहू. मुलांना मोबाइलवर पाहिलेली अंडी रंगवायची आणि लपवायची आहेत. सासूबाईंना मधुमेह आहे, तरी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) त्या तीन वाजेपर्यंत पाणीही घेत नाहीत. हे तीन दिवस घरच्या घरी, शांतपणे, पण सणासारखे कसे घालवावेत? आणि शांतता हवीशी वाटण्यात माझे काही चुकते आहे का?

— एक वाचक, जालना

सल्ला

ताई, सलाम.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकीचे तीन दिवस तुम्हाला गोड लागणार नाहीत. चौदा माणसांचे दोन वेळचे जेवण, त्याशिवाय न्याहारी, चहा, अंथरुणे आणि नळाच्या पाण्याचे वेळापत्रक, हे सगळे पंधरा वर्षे सांभाळणाऱ्या बाईला एका वर्षी ते टळल्याचे बरे वाटले, तर त्यात माणसांचा कंटाळा नसतो, कामाचा असतो. या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत मिसळल्या आहेत आणि बोच त्यामुळे लागली आहे. पुण्याची आणि संभाजीनगरची मंडळी येऊन तुमच्या हाती आयते ताट देणार असती, तर तुम्हाला ती नकोशी झाली नसती, एवढे तुमच्या पत्रावरून मला नक्की दिसते.

मात्र एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधले पाहिजे. पाहुणे आले नाहीत म्हणजे घर आपोआप शांत होईल, असे समजू नका. तुमच्या पत्रात यजमान ‘पडून राहणार’ आहेत, मुलांना अंडी रंगवायची आहेत, सासूबाईंना सण सणासारखा हवा आहे, आणि हे सारे जुळवून आणण्याची काळजी एकट्या तुम्ही वाहत आहात. असेच चालले तर चौदाऐवजी पाच माणसांसाठी तुम्ही तितक्याच दमाल, फक्त यंदा हाताखाली जावाही नसतील. तेव्हा स्वयंपाकात काय करावे याच्या आधी, कोणत्या दिवशी कोणी काय करायचे नाही हे ठरवा.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात 23व्या अध्यायाच्या शेवटी एक लहानसा तपशील आहे, ज्यावर उपदेश क्वचितच ऐकायला मिळतो. गालीलाहून आलेल्या बायकांनी प्रभूची कबर पाहिली, परत जाऊन सुगंधी द्रव्ये तयार केली आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या शनिवारी, त्या आज्ञेप्रमाणे स्वस्थ राहिल्या. कबरेकडे त्या गेल्या दुसऱ्या दिवशी पहाटे आणि ती त्यांना रिकामी आढळली. म्हणजे ज्या बायकांच्या साक्षीवर ईस्टरचा सण उभा आहे, त्या शनिवारी विसावल्या होत्या. आपल्याकडे मात्र हाच शनिवार सगळ्यांत दगदगीचा झाला आहे: मटण आणायचे, मसाला वाटायचा, घर झाडूनपुसून काढायचे, कपड्यांना इस्त्री करायची आणि रविवारी पहाटे साडेचारला उठून उपासनेला जायचे. माझा मुख्य सल्ला एवढाच आहे की यंदा शनिवार त्या बायकांसारखा काढावा. बाकी जे सांगणार आहे, ते या एका गोष्टीला जागा करून देण्यासाठी आहे.

त्यासाठी थोडे काम आधीच उरकावे लागेल. यंदा, 2026मध्ये, उत्तम शुक्रवार 3 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला आहे. बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी कांदा आणि सुके खोबरे भाजून वाटण करून ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ते रविवारपर्यंत चांगले राहते. येसर, म्हणजे रश्श्यात घालायचे भाजलेल्या धान्याचे पीठ, घरात नसेल तर तोही याच वेळी होऊ द्या. येसराचे धान्य भाजण्याचे काम मात्र सासूबाईंकडे मागून घ्या, म्हणजे तुम्ही विचारा आणि त्यांनी सांगावे, भाजणारे हात तुमच्या मुलीचे असोत. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शाळेतून घरी आणू नका. आणलाच, तर सोमवारपर्यंत त्याची गाठ सोडू नका. बायका सुट्टीच्या दिवशी ‘तेवढे दहा पेपर’ म्हणून बसतात आणि मग शांतता कुठे गेली ते शोधत राहतात.

आता शुक्रवार. या दिवशी स्वयंपाकघराने गप्प राहावे, हे तुमच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही रीतींना धरून आहे. कॅथॉलिक नियमाप्रमाणे उत्तम शुक्रवारी मांस वर्ज्य असते आणि 18 ते 59 वर्षांच्या निरोगी माणसाने एकच पूर्ण जेवण घ्यायचे असते. त्यापेक्षा वयस्कर माणसांना आणि आजाऱ्यांना उपवासाचे बंधन नसते. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) असा लेखी नियम नसतो, तरी बारा ते तीनची, क्रुसावरील सात उद्गारांची उपासना होईपर्यंत अन्न न घेण्याची रीत अनेक घरांत पाळतात. तुमच्या सासूबाईंचा उपवास त्याच रीतीतला आहे आणि त्यामागच्या भक्तीविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने एप्रिलच्या उन्हात, जालन्याचा पारा चाळिशीकडे झुकलेला असताना, सकाळपासून पाणीही न घेता तीन तास बंद सभागृहात बसणे धोक्याचे आहे. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने उपाशीपोटी साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलण्यात घोटाळा होतो आणि आजूबाजूच्यांना वाटते की उन्हाने चक्कर आली. या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून शुक्रवारची गोळी कधी आणि किती घ्यायची ते ठरवून घ्या. गोळी मनाने बंद करायची नाही आणि रिकाम्या पोटी नेहमीसारखी घ्यायचीही नाही. पर्समध्ये साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली ठेवा. साखर 70च्या खाली गेली किंवा तशी लक्षणे दिसली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल किंवा गिळता येत नसेल, तर तोंडाने काही न देता थेट दवाखाना गाठावा.

हे सगळे सासूबाईंना सांगणार कोण, हा खरा पेच आहे. तुम्ही सांगू नका. सुनेने उपवास सोडायला सांगितला की तो प्रश्न तब्येतीचा राहत नाही. तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना आधी भेटून सगळी परिस्थिती समजावून सांगा आणि त्यांनी घरी येऊन, किंवा निदान फोनवर, ‘आजी, सकाळी पेज घ्या, गोळी घ्या आणि पुढच्या बाकावर पंख्याखाली बसा’ एवढे सांगावे अशी विनंती करा. पाळकाच्या तोंडून आलेली हीच गोष्ट त्या आनंदाने ऐकतील.

उपासनेहून परतल्यावर एका भांड्याचे जेवण असावे. पिठले, ज्वारीची भाकरी, कांदा आणि ताक यापेक्षा जास्त काही त्या दिवशी मांडू नका. हुलग्याचे माडगे घरात आवडत असेल तर तेही चालेल. सकाळी सासूबाईंची पेज म्हणूनही ते उपयोगी पडेल. भांडी यजमान घासतील. हा भाग मी विनोदाने लिहिलेला नाही.

शनिवार हा आपल्या विषयाचा गाभा आहे, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहिते. त्या दिवशी सकाळी नेहमीची न्याहारी आणि दुपारी वरण-भात, एवढाच स्वयंपाक करावा. यजमानांची बिर्याणीची सूचना तुम्ही थोड्या तक्रारीच्या सुरात कळवली आहे, पण मला ती निम्मी पटते. बाहेरून मागवण्याची कल्पना चांगली आहे, फक्त दिवस चुकला आहे. रविवारी घरचे अन्न हवे आणि शनिवारी रात्री बाहेरचे. सासूबाई ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांस घेत नसतील, तर शनिवारी रात्री इडली किंवा डोसे मागवा. ते मागवण्याचे, आणण्याचे आणि वाढण्याचे काम ज्यांनी कल्पना मांडली त्यांच्याकडेच राहू द्या.

या मोकळ्या शनिवारात मुलांची अंडी येतात. मोबाइलवर दिसणारे चकचकीत रंग विकत आणण्याची गरज नाही. आपल्या टोपलीतले रंग अधिक सुंदर उठतात आणि अंडी बिनदिक्कत खाता येतात. आठ-दहा कांद्यांची सुकी वरची साले आठवडाभर गोळा करून ठेवा. लिटरभर पाण्यात ती वीस-पंचवीस मिनिटे उकळा, पाणी गाळून निववा, त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला आणि पोल्ट्रीची पांढरी, कच्ची अंडी त्यात अलगद सोडून मंद आचेवर उकळी आल्यापासून दहा ते बारा मिनिटे शिजवा. विटकरीपासून गर्द तांबड्यापर्यंत छटा मिळतात. अंडी जितकी जास्त वेळ त्या पाण्यात राहतील तितका रंग गडद होतो. अंडे सोडण्याआधी त्यावर ओल्या कोथिंबिरीचे किंवा मेथीचे पान चपटे बसवून वरून जुन्या पातळ मोज्याचा तुकडा ताणून बांधला, तर रंगीत सालावर पानाची पांढरट नक्षी उमटते, आणि मुलांना सर्वांत जास्त मौज याच कामात वाटते. हळदीचा पिवळा रंग हमखास येतो. बिटाचा मात्र धुरकट गुलाबी येतो आणि लवकर फिका पडतो, त्यामुळे त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका. सुकल्यावर तेलाचे बोट फिरवले की चकाकी येते. अंडी सोमवारी-मंगळवारीच विकत आणून ठेवा, कारण अगदी ताज्या अंड्याचे साल उकडल्यावर नीट निघत नाही. रंगवलेली अंडी रात्री फ्रिजमध्येच असावीत.

मुलीचे वय लक्षात घेता ती ‘अंडीच का’ असे नक्की विचारेल. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या मात्र काही उपवासकाळ पाळत नाहीत, त्यामुळे सणापर्यंत घरोघरी अंड्यांचा साठा होई आणि तो सणाला बाहेर निघे. पौर्वात्य ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ती तांबडी रंगवण्याची प्रथा जुनी आहे. अंडी आणणारा ससा हा जर्मन मुलखातला असून त्याचा उल्लेख 17व्या शतकात सापडतो. शुभवर्तमानातल्या पुनरुत्थानाच्या कथेत ससाही नाही आणि अंडीही नाहीत, हे मुलांना सांगायला हरकत नाही, आणि तरीही ती रंगवायला हरकत नाही.

शनिवारच्या संध्याकाळी दोन कामे आहेत आणि दोन्ही स्वयंपाकघराबाहेरची आहेत. एक म्हणजे कबरस्थान. तुमच्या मंडळीत रविवारी पहाटे तिथे जाण्याची रीत असेल, तर घरच्यांच्या कबरी शनिवारी ऊन उतरल्यावर यजमानांनी मुलांना बरोबर नेऊन झाडून, धुऊन ठेवाव्यात आणि झेंडूची फुले घरी आणून ठेवावीत. दुसरे काम तुमचे स्वतःचे आहे आणि तुम्ही ते विचारलेले नाही. पत्राच्या पहिल्याच ओळीत तुम्ही माहेर कॅथॉलिक असल्याचे लिहिले आणि पुढे त्याचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही. शनिवारी रात्री अंधारात चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून आपापल्या मेणबत्त्या पेटवून सगळे आत जातात, ते जागरण तुम्ही लहानपणी दरवर्षी पाहिले असणार आणि लग्नानंतर त्या वेळी तुम्ही चौदा माणसांची कणीक मळत असणार. यंदा मुलीला घेऊन जालन्यातल्या कॅथॉलिक चर्चमध्ये त्या रात्री जाऊन या. सासूबाईंना आधी मोकळेपणाने सांगा, लपवून जाऊ नका. पहाटेच्या उपासनेला तुम्ही त्यांच्याबरोबर असणारच आहात, त्यामुळे एका रीतीने दुसरीचा अपमान होत नाही. झोप थोडी कमी होईल. ती रविवारी दुपारी भरून काढता येईल.

रविवारची न्याहारी यजमानांनी करावी, असे मी सुचवते, आणि त्याला आधारही देते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात रात्रभर जाळे टाकून दमलेले शिष्य पहाटे काठाला येतात तेव्हा तिथे कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर तयार असते, आणि पुनरुत्थित प्रभू त्यांना न्याहारीला बोलावतात. दमलेल्यांसाठी चूल पेटवणे हे त्यांना कमीपणाचे वाटले नाही, तेव्हा बियाणे कंपनीतल्या गृहस्थांना सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांची न्याहारी, फोडणीस टाकणे जड जाऊ नये. मुरमुरे भिजवून घट्ट पिळायचे, शेंगदाण्याचा कूट आणि फुटाण्याच्या डाळीचे पीठ लावायचे आणि कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे. आठ वर्षांचा मुलगासुद्धा निम्मे काम करू शकतो.

अंडी लपवण्याचा खेळ सकाळी आठच्या आत संपवा. उकडलेले अंडे साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि बत्तीस अंशांवरच्या उष्णतेत एक तासही पुष्कळ झाला. किती अंडी कुठे लपवली ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर एक कुंडीमागे राहते आणि बुधवारी आपला पत्ता स्वतःच कळवते. चॉकलेटची अंडी बाहेर लपवू नका; आपल्या एप्रिलमध्ये ती सापडण्याआधी वितळतात. त्याऐवजी शेंगदाण्याचे लाडू कागदात गुंडाळून लपवा. खेळ झाला की अंडी सरळ फ्रिजमध्ये आणि रात्री त्यांचा रस्सा. भुकेल्या घरात ती त्याआधीच मीठ-मिरी लावून संपली तरी हरकत नाही.

दुपारच्या जेवणाविषयी मी थोडी आग्रही आहे. संभाजीनगरची माणसे दर ईस्टरला तुमच्याकडे येताना जुन्या शहरातल्या भट्टीचे पिवळसर नान आणत असतील, असा माझा तर्क आहे, कारण तिकडचा पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. महंमद तुघलकाने 1327च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्या फौजेबरोबर नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) इकडे आला, असे सांगतात. माणसे येऊ शकली नाहीत तरी नान येऊ शकतात. साठ किलोमीटरचे अंतर आहे आणि रेल्वे व एसटी दिवसभर चालू असतात. दिरांना फोन करून शनिवारी कोणाबरोबर तरी ते पाठवायला सांगा. किंवा यजमान सकाळी जाऊन, आजारी माणसाला भेटून, नान घेऊन चारच्या आत परत येऊ शकतात. सासूबाईंना त्या नानमध्ये धाकट्या मुलाचे घर दिसेल. रविवारी तव्यावर पाण्याचा हलका हबका मारून ते गरम केले की मऊ होतात.

मटण पाच जणांना पाऊण किलो पुरे. सकाळी ताजे आणावे, म्हणजे शनिवारी रात्रीची फ्रिजमधली गर्दी टळते. हळद, मीठ, आले-लसूण लावून कुकरमध्ये झाकण न लावता दहा मिनिटे अंगच्या पाण्यात परता, मग गरम पाणी घालून पाच-सहा शिट्ट्या होऊ द्या. वाटण तयारच आहे. ते तेल सुटेपर्यंत परतून काळा मसाला घाला, शिजलेले मटण त्यातल्या पाण्यासकट ओता आणि शेवटी दोन चमचे येसर पाण्यात कालवून सोडा. भाजलेल्या धान्यामुळे रस्सा दाट होतो आणि त्याला मराठवाड्याची चव येते, जी कोणत्याही बिर्याणीला यायची नाही. दीड तासात तुम्ही बाहेर. कोशिंबीर मुलीने करावी.

गोड एकच असावे आणि ते गव्हाची खीर असावे, कारण नवा गहू नुकताच घरात आलेला असतो. शनिवारी रात्री झोपताना वाटीभर गहू भिजत घालायचा, सकाळी हलकेच कांडून कोंडा पाखडायचा आणि कुकरला सहा-सात शिट्ट्या करायच्या. गूळ मात्र गहू पूर्ण मऊ झाल्यावरच घाला, कारण आधी घातला तर दाणा नंतर शिजत नाही. आणि दूध गूळ विरघळून खीर कोमट झाल्यावर घाला, नाहीतर ते फाटते. सासूबाईंसाठी गूळ घालण्याआधी थोडी खीर वेगळी काढून त्यात दूध, वेलदोडा आणि खसखस घालावी. गव्हानेही साखर वाढते, तेव्हा त्यांची वाटी लहान हवी. केशर आंब्याची वाट पाहू नका, आपल्याकडचा आंबा मे महिन्याशिवाय खरा पिकत नाही. कैरीचे पन्हे मात्र जरूर करा. उरलेले मटण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. या हवामानात ‘रात्रीपर्यंत राहील’ हा हिशेब चुकतो.

सासूबाईंच्या ‘सुतक’ या शब्दाने तुम्ही दुखावला आहात, असे पत्रात जाणवते. त्यांनी तो तुमच्यासाठी वापरलेला नाही. वर्षातून एकदा तिन्ही मुलगे एका छपराखाली झोपलेले त्या पाहत होत्या आणि यंदा ते दिसणार नाही. त्यावर रुचकर जेवण हा उपाय नव्हे. जो उपाय आहे तो असा की घरात त्यांच्यावाचून अडणारे काम असले पाहिजे. येसराचे सांगितलेच. त्याशिवाय खिरीचे चार डबे भरून कोणाकोणाकडे पाठवायचे हे त्यांनी ठरवावे, आणि शेजारच्या हिंदू व मुसलमान घरी नातवाला घेऊन त्यांनीच ते द्यावेत. दर ईस्टरला गजबजलेले घर यंदा कुलूपबंद वाटू नये याची काळजी या डब्यांनी घेतली जाईल, आणि जेवायला मात्र कोणाला बोलवावे लागणार नाही. शनिवारी दुपारी मुलीने वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. जालन्याची ख्रिस्ती मंडळी जुनी आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, तिथपर्यंत तिचे धागे जातात. सासूबाईंच्या लहानपणी पहाटेची उपासना कुठे होत असे, कोणती गीते कोण उचलून धरत असे, सणाला घरात काय शिजत असे, हे त्यांच्याशिवाय त्या घरात कोणाला ठाऊक नसेल. मुलांची गर्दी असताना हे कधी विचारले गेले नसणार.

दोन्ही दिरांना व्हिडिओ कॉल रविवारी संध्याकाळी पाच वाजता ठरवून करा. जेवताना करू नका. एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोबाइल असला की दोन्हीकडे धड लक्ष राहत नाही. आधी सासूबाईंनी प्रत्येक नातवंडाशी बोलावे, मग मोठ्यांनी.

त्याच कॉलवर पुढच्या वर्षाचे बोलून घ्या, आणि ते यजमानांनी काढावे. ईस्टर 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी असतो, म्हणून आपल्याकडे बहुतेक वर्षी तो होळीच्या किंवा हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो. यंदा 2 एप्रिलला हनुमान जयंती आणि 5 एप्रिलला ईस्टर आहे; 2027मध्ये होळीनंतर लगेच, 28 मार्चला आहे. मार्चअखेरीस तुमच्या शाळेत परीक्षांची तयारी असेल. ही तारीख सांगून पुढचा ईस्टर संभाजीनगरला किंवा पुण्याला ठरवावा, सासूबाईंना चार दिवस आधी तिकडे पोहोचवावे आणि तुम्ही शुक्रवारी पाहुण्या म्हणून जावे. थोरल्याचे घर म्हणून मान तुमचाच राहील, चूल दर तीन वर्षांनी एकदा तुमच्याकडे येईल. जावांना हे आवडणार नाही असे तुम्हाला वाटत असेल, तर मला उलट वाटते; पंधरा वर्षे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात ‘मी काय करू?’ असे विचारत उभे राहणेही काही फार सुखाचे नसते. येसराचा एक डबा मात्र जाताना बरोबर न्या, कारण पुण्यात तो मिळाला तरी घरचा मिळत नाही.